दहाच्या ठोक्याला एक मिस कॉल

चार शिक्षक एका जागी जमले की चहा गार होणार हे ठरलेलं! एकानं नुसतं म्हणायचं, "आमच्या शाळेत एकदा काय झालं..." की संपलं. दुसरा कप हातात धरूनच म्हणतो, "हे काहीच नाही, आमच्याकडं तर..." आणि कोरोनातल्या त्या दीड-दोन वर्षांनी तर अशी भर घातलीय, की एका कपात भागतच नाही.

मी गेल्या वर्षी रिटायर झाले. कराडला आमचं घर आहे, तिथं आता निवांत असते. पण कुठल्याही लग्नात जेवणाच्या पंगतीला एक तरी शहाणा भेटतोच. "बाई, कोरोनात तुम्हा मास्तर लोकांचं बरं होतं हो! शाळा बंद, पगार चालू!"

पूर्वी मी अशा माणसाला ताडकन उत्तर द्यायची. आमचे हे टेबलाखालून पाय दाबायचे. आता मी चिडत नाही. म्हणते, "बसा भाऊ. जिलेबी यायला वेळ आहे. तोवर ऐका."

तुम्हीही बसा.

* * *

माझी शेवटची शाळा आटपाडी तालुक्याच्या अगदी टोकाला, एका वाडीत. टेकडीच्या अलीकडं सांगली जिल्हा, पलीकडं माण, म्हणजे सातारा. दोन खोल्या, दोन शिक्षक, बावीस पोरं. मुख्याध्यापक माने गुरुजी, आणि मी जाधव बाई. तिसरा बिनपगारी स्टाफ म्हणजे आमचे हे. सैन्यातनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. आम्ही दोघं वाडीतच खोली घेऊन राहत होतो, त्यामुळं लॉकडाऊनमध्ये तिथंच अडकलो. आता वाटतं, बरं झालं अडकलो.

वरून आदेश आला, ऑनलाइन शिकवा. मी घरोघर विचारलं. बावीस पोरांमागं स्मार्टफोन पाच! त्यातले दोन मुंबईला, बापाच्या खिशात. बाकी सगळीकडं बटणांचे साधे फोन. बोलण्यापुरती रेंज वाडीत कशीबशी यायची, इंटरनेटचं नाव काढायचं नाही.

मग मी एक पद्धत पाडली. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला प्रत्येकानं मला एक मिस कॉल द्यायचा. एक मिस कॉल म्हणजे हजर. दोन म्हणजे "बाई, अडलंय, फोन करा." मी हजेरी लावली की उलट एक मिस कॉल देणार. आणि शेवटचा नियम: तीन दिवस मिस कॉल आला नाही, तर मी तुमच्या दारात! आत येणार नाही, पाणी पिणार नाही, मास्क लावून दारातच उभी राहणार. पण येणार म्हणजे येणार.

पोरांना ती धमकी वाटायची. होतीच!

एवढा हट्ट कशाला, असं गुरुजींनीसुद्धा विचारलं होतं. त्याला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत छबी नावाची माझी एक विद्यार्थिनी होती. तिसरीत. अक्षर मोत्यासारखं. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली. आज येईल, उद्या येईल म्हणत मी वाट बघितली. ती आली नाही. आणि मीही गेले नाही, हे जास्त वाईट. पंधरा दिवसांच्या सुट्टीत माझं एक पोर गेलं, मग ही कधी संपणार तेच माहीत नसलेली सुट्टी किती नेईल? म्हणून ठरवलं होतं, शाळा उघडेल त्या दिवशी बावीसच्या बावीस पोरं समोर बसलेली पाहिजेत. एकवीस चालणार नाहीत.

* * *

इंटरनेट यायचं ते फक्त टेकडीवर, आणि तेही पलीकडच्या अंगाला. म्हणजे पोरं सांगलीत, रेंज साताऱ्यात! आणि त्याच दिवसांत जिल्हाबंदी लागली. टेकडीच्या रस्त्यावर एक बांबू आडवा बांधला, शेजारी खुर्ची टाकून एक हवालदार बसवला.

सकाळी आमची पाच पोरं तीन फोन घेऊन, तोंडाला आईच्या ओढणीचे तुकडे बांधून निघाली. हवालदारानं काठी आडवी घातली.

"कुठं रं चाललाय?"

"साताऱ्याला."

"कशाला?"

"गणिताला!"

हवालदार नव्या नोकरीचा असावा. त्यानं कायद्यात गणित कुठं बसतं याचा बराच विचार केला आणि मला फोन लावला. "मॅडम, जिल्हा ओलांडायला परवानगी लागते. पोरं म्हणतायत बाईंनी भागाकार पाठवलाय."

मी म्हटलं, "साहेब, बांबूच्या पुढं वीस पावलांवर रेंज आहे. वीस पावलांसाठी कलेक्टरकडं अर्ज करू का?"

"मला वरनं ऑर्डर आहे मॅडम," म्हणाला आणि फोन ठेवला. पोरं परत आली. मी दिवसभर धुमसत होते. आमचे हे म्हणाले, "ऑर्डर म्हणजे ऑर्डर." त्यांनाही दोन शब्द ऐकवले.

दुसऱ्या दिवशी स्वतःच गेले भांडायला. बघते तर काय, बांबू वीस पावलं पुढं! खुर्चीही पुढं. अलीकडं दगडांवर अंतर ठेवून पाच पोरं बसलेली, आणि हवालदार त्यातल्या एकाला म्हणतोय, "अरे, हातचा घेतलास का?"

मी विचारलं, "साहेब, हद्द इथं आहे होय?"

तो मान खाली घालून म्हणाला, "शाळा सुटेपर्यंत हितंच हाय, बाई."

* * *

आमचे हे माझे कॅमेरामन होते. तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्यांच्या हातात मोबाईल दिला की माझं शूटिंग म्हणजे परेड व्हायची. "मॅडम, खांदे मागे! हिलना नहीं!" असं म्हणत माझा बाष्पीभवनाचा पाठ त्यांनी सहा वेळा परत घ्यायला लावला. सहाव्या वेळेपर्यंत पातेल्यातलं पाणी खरोखरच आटलं होतं.

एकदा मी म्हटलं, परिपाठाचा व्हिडिओ करू. प्रार्थना, प्रतिज्ञा सगळं. सुरुवातीला "सावधान" तुम्ही म्हणा, तुमचा आवाज चांगला आहे. एवढं कौतुक झाल्यावर काय विचारता! त्यांनी "सावऽऽधान!" अशी आरोळी ठोकली की शेजारची कोंबडी उडाली. टेकडीवर जाऊन व्हिडिओ पोरांच्या फोनवर उतरवला, पोरं तो घेऊन घरी गेली आणि आम्ही जेवायला बसलो.

अर्ध्या तासानं सूरजच्या आज्जीचा फोन. सूरज आमचा दुसरीतला.

"आवं बाई, पोरगं कवाधरनं ताट हुबं हाय! जेवाय बस म्हनलं तर बसंना. हात सुदीक हलवीना. म्हनतंय, बाईंनी इश्राम म्हनलंच न्हाई."

मी व्हिडिओ उघडला. खरंच की! फोनची मेमरी भरली होती आणि शेवटचं "विश्राम" कापलं गेलं होतं.

मी फोन ह्यांच्या तोंडाशी धरला. ह्यांनी पूर्ण बटालियनला ऐकू जाईल असं "विश्राऽऽम!" म्हटलं.

पलीकडून आज्जी म्हणाल्या, "बसलं गं बया एकदाचं!" मग जरा थांबून, "आन् आमचं म्हातारं बी बसलं."

"म्हणजे?"

"त्ये बी मगाधरनं हुबंच हुतं की. फौजंत हुतं न्हवं. म्हनत हुतं, सुभेदारांची आर्डर हाय."

* * *

माने गुरुजींना मोबाईलचा तिटकारा. "बाई, ह्या काचेत तोंड घालून पाढे येत नसतात," म्हणायचे. त्यांनी देवळावरचा भोंगा ताब्यात घेतला. रोज सकाळी आठ ते साडेआठ, बे ते तीस पाढे. वाडीभर, शिवारभर, ऐकायचं नसलं तरी ऐका!

पहिले दोन दिवस लोक वैतागले. तिसऱ्या दिवसापासून बायका पाढ्याच्या तालावर खुरपायला लागल्या. एकजण तर म्हणाली, "सतराचा पाडा लागला की सरी उरकतीया."

एका सकाळी गुरुजींना रात्रभर झोप नव्हती. त्यांच्या भावाची तब्येत साताऱ्याला दवाखान्यात बिघडली होती आणि भेटायला जाता येत नव्हतं. तरी माणूस आठला भोंग्यावर हजर! आवाज जरा बसलेला. तेराचा पाढा आला आणि गुरुजी म्हणाले, "तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते अठ्ठ्याण्णव..."

चूक! तीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि चहूबाजूंनी, रानारानातून, गोठ्यातून, विहिरीवरून एकदम ओरड उठली, "एक्क्यानव! एक्क्यानव!"

भोंगा गप्प. तेवढ्यात सोनाबाई आज्जी, ज्या जन्मात कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, खुरपं घेऊन देवळाच्या पायरीशी आल्या. "गुर्जी, तेरा साते एक्क्यानव."

"आज्जी, तुम्हाला कसं माहीत?"

"आता गं बया! रोज तुमीच सांगताय न्हवं?"

गुरुजींनी माईक बंद केला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आज्जी पायरीवर लांब अंतरावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ बरं हुईल तुमचं. चौदाचा म्हना आता."

भाऊ बरे झाले. गुरुजी मला म्हणाले, "बाई, जन्मभर मी पाढे शिकवले. त्या दिवशी वाडीनं मला धरून ठेवलं." गुरुजी सहसा असं बोलणारे नव्हेत, म्हणून सांगते.

* * *

आता सूरजचाच आणखी एक. तीन दिवस झाले, पोराचा मिस कॉल नाही. मी फोन करते तर बंद. चौथ्या दिवशी ह्यांच्या मोटरसायकलवर बसून मी त्यांच्या दारात.

सूरजची आई धावत आली. "आवं बाई, आत या की!"

"आत नाही. दारातच बरी. सूरज कुठाय? तीन दिवस गैरहजर आहे!"

सूरज आतून तावातावानं बाहेर. "म्या रोज देतोय मिस कॉल! आन् बाई, तुमी बी उलटा देताय की!"

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. सूरजनं फोन आणून दाखवला. जुना फोन पाण्यात पडला म्हणून दुसरा आणलेला, सिमही नवं, माझा नंबर हातानं टाकलेला, शेवटचा आकडा चुकलेला! मग माझ्या नावानं उलट मिस कॉल देतंय कोण?

मी तिथंच त्या नंबरला फोन लावला. पलीकडून एक माणूस म्हणाला, "बोला."

"कोण बोलतंय?"

"मी मिरजेतनं बोलतोय. केस कापायचं दुकान आहे माझं. म्हणजे, होतं. सध्या बंद आहे."

मी सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अच्छा, शाळेचं आहे होय? मला वाटलं कुणीतरी रोज दहाला आठवण काढतंय. म्हणून मीपण आपला एक उलट द्यायचो. बाई, पोरगं तिन्ही दिवस बरोबर दहाला हजर होतं. मी साक्षीदार आहे. गैरहजेरी लावू नका!"

मी लावली नाही. तिन्ही दिवसांची हजेरी मिरजेच्या साक्षीनं लावली. सूरजचा नंबर दुरुस्त करून आम्ही निघणार, तोच त्या माणसाचा परत फोन. जरा अडखळत म्हणाला, "बाई, उद्यापासून दहाला फोन वाजणार नाही. तर... माझीपण हजेरी लावता येईल का? घरात एकटाच असतो मी."

दुकान उघडेपर्यंत माझ्या शाळेचा पट तेवीस होता.

* * *

हे एक लहानसंच आहे, पण सांगते. मुंबईत अडकलेल्या त्या दोन फोनांपैकी एक दत्तूभाऊंचा. मी अभ्यास त्यांना पाठवायचा, त्यांनी रात्रपाळी संपवून घरी फोन करून लेकीला उतरवून द्यायचा, अशी व्यवस्था. एकदा त्यांच्याकडून वहीच्या पानाचा फोटो आला. दहा वजाबाक्या, सगळ्या सोडवलेल्या, अक्षर मोठ्या माणसाचं.

मी तडकले. फोन केला. "दत्तूभाऊ, पोरीचा अभ्यास तुम्ही करून देताय? लाज नाही वाटत?"

"न्हाई न्हाई बाई, तिनं तिचा केलाय. ह्यो माझा हाय." मग हळूच, "चौथीत शाळा सोडल्याली. किती बरोबर आल्या तेवढं सांगा."

दहापैकी नऊ. मी फोटोवर लाल खूण करून "छान" लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी दहा भागाकार आले. मी पाठवलेले नव्हते.

* * *

आता कोमल.

कोमल तिसरीतली. मेंढपाळाची पोर. दिवाळी झाली की तिचं घर मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचं, कृष्णाकाठी, ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत. पावसाच्या तोंडावर परत यायचं. दर वर्षी ती तेवढे महिने आजीपाशी वाडीत राहून शाळेत यायची. त्या वर्षी आजी गेली. आणि शाळाच बंद, तर पोर मागं ठेवून करायचं काय?

तिचे आबा, म्हणजे वडील, निघायच्या दिवशी शाळेसमोर घोडं उभं करून सांगायला आले. मी विचारलं, "जूनला शाळेत आणणार ना?"

आबा डोक्याचं मुंडासं सारखं करत म्हणाले, "बाई, पोर मेंढरामागं लय चलाख हाय. हाताला लागतीया. जूनचं जूनला बगू."

छबीचा बापही असंच म्हणाला होता. मी कोमलला फक्त एवढंच म्हटलं, "दहाचा मिस कॉल विसरायचा नाही."

नाही विसरली! आबांच्या कमरेला एक बटणांचा फोन, चार्जिंग ज्याच्या रानात तळ त्याच्या घरी. तरी दहाला मिस कॉल. बऱ्याचदा दोन. मी फोन करायची, पाच गणितं तोंडी सांगायची, ती पाटीवर उतरवायची. मागून मेंढरांचा नुसता कालवा. मी विचारायची, "आज कुठं?" ती सांगायची आणि मी गुरुजींना, गुरुजी भोंग्यावर पोरांना, आणि पोरं नकाशात टिंब द्यायची. आमच्या तिसरीला सातारा-सांगलीचा नकाशा असा पाठ झाला.

एकदा फोन केला तर कोमल रडवेली. "बाई, अभ्यास न्हाई. वही मेंढरानं खाल्ली."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे कारण मी निदान शंभरदा ऐकलंय. मी आवाज चढवला. "कोमल! माझ्याशी खोटं?"

फोन आबांनी घेतला. "आवं बाई, खरंच खाल्ली. म्या सवता बगितलं. त्ये बगा, अजून चगळतंय. तिसरीचं गणित खाल्ल्यालं मेंढरू दावायचं म्हनलं तर आनू का शाळंत?"

मी म्हटलं, "मेंढरू नको. पोरगी आणा. जूनला."

आबा नुसते हसले. हो म्हणाले नाहीत.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात मला कोरोना झाला.

दुसरी लाट होती. ह्यांनी मला कराडला आणलं, ओळखीनं एका दवाखान्यात पहिल्या मजल्यावर बेड मिळाला आणि नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. ह्यांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्यांना घरीच एका खोलीत बंद केलं. मी एकटी.

खोटं कशाला बोलू, मी लय भ्यायले होते. शेजारचा बेड दोन दिवसांत दोनदा रिकामा झाला. डॉक्टर दर तासाला येऊन ऑक्सिजनचा आकडा बघून जायचे. फोन उशाशी होता, दहा वाजले की थरथरायचा, पण हात उचलून तो घेण्याएवढीही ताकद नव्हती. वाडीतल्या पोरांना गुरुजींनी भोंग्यावरून सांगितलं होतं, "बाई आजारी आहेत. बऱ्या होईपर्यंत मिस कॉल मला द्या." म्हणजे एकवीस पोरांची सोय झाली होती.

कोमल वाडीत नव्हती. तिला भोंगा ऐकू जाणार नव्हता.

रोज दहाला फोन एकदा थरथरायचा आणि थांबायचा. मला कळायचं कोणाचा ते. उलट मिस कॉल मी देऊ शकत नव्हते. पडल्या पडल्या एकच विचार. पोरीला वाटेल, बाईंनी नाद सोडला. किती दिवस देईल ती? चार? आठ? मग एक दिवस दहा वाजतील आणि फोन गप्प राहील, आणि बावीसचे एकवीस होतील. मी बरी झाले तरी. छबीसारखंच.

आणि चौथ्या दिवशी दहा वाजले, तर फोन गप्प!

सव्वादहा झाले. मी मान वळवून भिंतीकडं बघत पडले. सिस्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मी मानेनंच काही नाही म्हटलं. डोळ्यांतलं पाणी मास्कच्या रबरावरून कानात जात होतं.

साडेदहाला सिस्टर परत आल्या. त्या पीपीई किटमध्ये, डोळे तेवढे दिसणार. ते हसत होते.

"जाधव बाई तुम्हीच ना? खाली गेटवर गोंधळ झालाय. दोन-अडीचशे मेंढरं रस्त्यावर, ॲम्ब्युलन्सला वाट काढून द्यायला वॉचमन मेंढरं हाकतोय! एक मुंडासंवाला आहे आणि बरोबर एक मुलगी. पाटी घेऊन आलीय. इथं जवळच तळ आहे म्हणे, तुमच्या गुरुजींना फोन करून पत्ता घेतला."

मी उठायला लागले. सिस्टरांनी धरलं.

"अहो, हळू! वॉचमननं त्यांना विचारलं, पेशंटचे कोण? तर ती मुलगी म्हणाली, तीन दिस झालं. तो म्हणाला, कसले तीन दिवस? तर म्हणाली, तीन दिस झालं की यावंच लागतंय. त्यानं सांगितलं, आत कुणालाही सोडत नाही. तर त्यालाच समजावून सांगतेय, 'आत न्हाई यायाचं. पानी बी न्हाई प्यायाचं. नुसतं दारात हुबं ऱ्हायाचं असतंय.'"

सिस्टरांनी माझा बेड खिडकीकडं सरकवला. नळी पुरेल तेवढाच. खाली रस्ता पांढराकाळा झाला होता. गेटच्या बरोबर बाहेर, उंबऱ्याला पाय न लावता, कोमल उभी. तोंडाला रुमाल. शेजारी आबा, फोन हातात धरून, अवघडलेले.

मी फोन मागून घेतला. बोलता येत नव्हतं. नंबर लावला. एक रिंग. कट.

आबांच्या हातात फोन वाजला आणि थांबला. त्यांनी वर बघितलं. कोणत्या खिडकीत मी, ते त्यांना कळलं नसावं, सगळ्याच खिडक्यांकडं तोंड करून ते ओरडले, "बाई! जूनला घिऊन येतो हिला!"

कोमलनं त्यांचा शर्ट ओढला.

"वरडू नगा आबा, दवाखाना हाय. चला. बाई हजर हायत."